जुन्या हॉट रॉडला नवा पाच गिअरचा बॉक्स : आधी हिशेब, मग हत्यार

अमेरिकेत जुन्या मोटारी उघडून, हलक्या करून त्यांना वेगवान बनविण्याचा एक मोठा शौक आहे. अशा गाडीस तेथे 'हॉट रॉड' म्हणतात. या कामावर तेथील अनेक छोट्या वर्कशॉपांची रोजीरोटी चालते. या कामातील एक नमुना आपल्या गॅरेजवाल्या व खरादी बांधवांना उपयोगी पडेल, म्हणून तो येथे देत आहोत.

हॉट रॉडमध्ये सर्वांत मानाची गाडी म्हणजे १९३२ ची फोर्ड. तिच्या व्ही-एट इंजिनाची ताकद ६५ हॉर्सपॉवर आणि गिअर तीनच. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणून चालत्या गाडीत तो टाकताना खरखर होते. टॉप गिअरमध्ये इंजिन व प्रोपेलर शाफ्ट सारखेच फिरतात.

आता हिशेब पाहा. २८ इंची टायर एका मैलात सुमारे ७२० फेरे घेतो. डिफरन्शिअलचे प्रमाण ३.७८ धरले, तर ताशी ६० मैलांना इंजिन मिनिटास सुमारे २,७२० फेरे फिरते. पाचव्या गिअरचे प्रमाण ०.७२ असेल, तर तेच इंजिन सुमारे १,९६० फेऱ्यांवर येते. आवाज, गरमी व झीज कमी होते. गिऱ्हाईक पैसे मोजतो ते यासाठी.

कोणता बॉक्स घ्यावा?

तेथे बहुतेकजण बोर्गवॉर्नरचा टी-फाइव्ह घेतात. हा बॉक्स १९८२ च्या मॉडेलांपासून आला. फोर्ड मस्टँगमध्ये तो बसे, तसाच शेवरोलेच्या एस-टेन या छोट्या ट्रकमध्येही बसे. एस-टेनच्या बॉक्समध्ये गिअरचा दांडा पुढे असतो, म्हणून जुन्या गाडीत तो सीटखाली जात नाही. मात्र काही एस-टेन बॉक्समध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण चारच्या वर असते. मागे ३.७८ चे डिफरन्शिअल असेल, तर पहिला गिअर टाकताच संपतो. भंगारातून बॉक्स उचलण्यापूर्वी त्यावरील नंबराची पट्टी वाचून प्रमाण पडताळावे. स्पीडोमीटर केबलचा आहे की विजेचा, तेही पाहावे. मोठ्या, भारी ताकदीच्या इंजिनास हा बॉक्स पुरत नाही.

खरे काम कोठे आहे?

बॉक्स बसविणे हे निम्मेच काम. जुन्या फोर्डमध्ये प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत असतो आणि मागच्या चाकांचा रेटा त्या नळीतून गाडीला मिळतो. नवा बॉक्स उघड्या शाफ्टचा आहे. नळी काढली की मागचा ॲक्सल जागेवर धरण्यासाठी वेगळे दांडे द्यावे लागतात, उघड्या शाफ्टचा ॲक्सल बसवावा लागतो आणि शाफ्ट मापाचा करून बॅलन्स करावा लागतो. क्लच व ब्रेकचे पेडलही जुन्या बॉक्सवरच बसविलेले असतात. त्यांना नवा आधार द्यावा लागतो. मधला क्रॉस मेंबरही बदलतो. ज्याने फक्त बॉक्सच्या किमतीवर भाव सांगितला, त्याचे नुकसान येथे होते.

इंजिन व बॉक्स जोडण्यासाठी ॲडॅप्टर प्लेट लागते. क्लच प्लेटचे दात नव्या बॉक्सच्या शाफ्टशी जुळले पाहिजेत आणि शाफ्टच्या टोकास योग्य मापाचे पायलट बेअरिंग हवे. सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे केंद्र. बेल हाउसिंगचे भोक क्रँकच्या केंद्राशी डायल गेजने तपासावे. ०.००५ इंचापेक्षा जास्त फरक नसावा. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण बेअरिंग खातो. मग गिऱ्हाईक परत येतो आणि दोष बॉक्सला दिला जातो.

तेलाचेही तसेच. 'वर्ल्ड क्लास' जातीच्या टी-फाइव्हमध्ये ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे पातळ तेल घालतात. सवयीने जाड गिअर ऑइल ओतले, तर गिअर जड पडतात.

आपल्याकडील इशारा

आपल्या देशात असे काम हाती घेण्यापूर्वी कायदा पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलात फरक पडेल असा बदल मनमानीने करता येत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. गिऱ्हाइकाच्या हौसेपायी त्याची ही नोंदणी हुकू शकते. ही गोष्ट कारागिराने ॲडव्हान्स घेण्यापूर्वीच सांगावी.

म्हणून चेसिस कापण्याऐवजी नटबोल्टने बसेल असे काम करावे, आणि काढलेला मूळ बॉक्स, नळी व पेडल चिठ्ठी लावून मालकाच्या स्वाधीन करावेत. उद्या त्याला किंवा त्याच्या मुलाला गाडी पूर्ववत करावीशी वाटली, तर ती करता आली पाहिजे. कापड एकदा चुकीचे कापले की जोडले तरी शिवण दिसते. लोखंडाचेही तसेच आहे.