गाडी ‘सिम’वर येत नाही तेव्हा

दूध उतू जायच्या बेतात आलं, की आपण गॅसचं बटण फिरवून सिमवर आणतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. मोटारीचंही तसंच असतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, गाडी न्यूट्रलला आणली, की इंजिनाने सिमवर यायला हवं. गॅरेजवाले याला आयडल किंवा ‘स्लो’ म्हणतात. पण गाडी जुनी झाली, की कधी कधी पाय काढला तरी इंजिन आपलं घूं घूं करतच राहतं. रेल्वे फाटकाशी उभं राहावं, तर शेजारचा स्कूटरवाला वळून बघतो. जणू काही आपणच मुद्दाम रेस देतोय!

मैत्रिणींनो, हे नुसतं आवाजाचं दुखणं नाही बरं का. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना अशी गाडी झपकन पुढे जाते. शाळा सुटायच्या वेळी, मुलं इकडून तिकडे पळत असताना, हे किती महागात पडेल! पाय काढल्यावर गाडीने स्वतःहून मंदावायला हवं, ते होत नाही. मग सारा भार ब्रेकवर. पेट्रोल जळतं ते वेगळंच.

आणि ही जुनी गाडी बहुतेक वेळा आपल्याच वाट्याला आलेली असते. घरात नवी मोठी गाडी आली, की जुनी ‘हिला बाजारहाटाला बरी’ म्हणून आपल्याकडे येते. आमच्या भागात ती बहुधा मारुती ८०० असते. पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण अंगणाअंगणांत ती अजून उभी दिसते. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्यात काही फार गूढ नाही. आपली गाडी कार्बोरेटरची की एमपीएफआय, एवढं मात्र आधी माहीत करून घ्या. साधारण २००० सालानंतरच्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं हे छोटा कॉम्प्युटर ठरवतो, त्याआधीच्या गाड्यांत कार्बोरेटर.

आता गंमत अशी, की आयडल वाढण्यामागे बहुतेक वेळा हवाच असते. इंजिन आत खेचत असलेल्या हवेच्या वाटेवर एक गोल झडप असते. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते, सोडला की मिटते आणि इंजिनाला जगण्यापुरतीच हवा मिळते. तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण ८०० ते १००० फेरे घेतं. म्हणजे आयडल वाढलं, तर एकतर ती झडप पुरती मिटत नाही, नाहीतर हवा भलत्याच वाटेने आत शिरतेय. शोध घ्यायचा तो या दोन प्रश्नांचा.

जुन्या मारुतीत फेरे दाखवणारा काटा बहुधा नसतोच. पण आपल्याला कान आहेत की! मिक्सर जड झाला, शिलाई मशीन तेल मागायला लागलं, हे आपण आवाजावरूनच ओळखतो ना?

सकाळी थंड इंजिन थोडं जोरात चालणारच, त्याला आजार म्हणू नका. दोन-चार किलोमीटर जाऊन या, इंजिन पुरतं गरम होऊ द्या आणि मग एसी, दिवे, सगळं बंद करून ऐका. तरी आवाज उतरत नसेल तर शोध सुरू. पहिली जागा अगदी साधी, पायाखालची मॅट. ती सरकून पेडलला अडकलेली असते, आणि माणसं गॅरेज गाठतात. मग चोक बघा. डॅशबोर्डखाली ओढायचा चोक असेल, तर तो पूर्ण आत गेलाय का? खुंटी आत जाते, पण गंजलेली केबल तिकडे अडकून राहते, असंही होतं.

यानंतर बॉनेट उघडायचं. त्याआधी हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी मागे बांधा. पट्टा फिरत असतो आणि रेडिएटरचा पंखा मनात येईल तेव्हा सुरू होतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला विषारी वायू दिसत नाही की वासाने कळत नाही. आणि गरम रेडिएटरच्या झाकणाला हात नको म्हणजे नको.

ॲक्सिलरेटरची केबल जिथे संपते, तिथे एक छोटी दांडी असते. पेडल दाबून सोडायला कुणाला तरी सांगा आणि ती दांडी झटकन मागे येते का ते बघा. आळसावून येत असेल, तर इंजिन बंद करून, ते निवल्यावर दांडी बोटाने मागे ढकला. पुन्हा सुरू केल्यावर आवाज उतरला, तर दोष केबलचा, स्प्रिंगचा किंवा झडपेवर साचलेल्या काजळीचा. केबल ताणलेली राहिली तरी असंच होतं; पेडल सोडलेलं असताना तिच्यात किंचित ढील हवी.

दांडी ठीक असेल, तर मग गाडी ‘एअर घेतेय’. कार्बोरेटरच्या आणि मॅनिफोल्डच्या भोवती बारीक रबरी नळ्या असतात. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन त्या कडक होतात, टोकाला चिरतात. तिथून सूं सूं आवाज येतो, कुकरच्या ढिल्या रिंगमधून वाफ निसटावी तसा. आमच्या बचत गटाच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. पापड-कुरडयांची पोती नि महिन्यातून दोनदा तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीला जाणाऱ्या पोटुशा बायका, सगळं त्याच गाडीत. गॅरेजवाला म्हणाला, “वहिनी, कार्बोरेटरच नवीन टाकावा लागेल.” गटाच्या दोन महिन्यांच्या शिलकीचा प्रश्न होता. गाडी चालवणारी आमची ताई शांतपणे म्हणाली, “भाऊ, थंड असताना ठीक असते, गरम झाली की वाढते. केबल ढिलीच आहे, चोक आत आहे. आधी नळ्या बघा ना.” त्याने पक्कडीने एकेक नळी हलकेच दाबून पाहिली. तिसरी नळी दाबताच इंजिन एकदम खाली आलं. वीतभर रबरी नळीत काम भागलं. नळ्या सगळ्या चांगल्या निघाल्या, तर कार्बोरेटरखालचं गॅस्केट तपासायचं. काही मेकॅनिक फट शोधायला क्लीनरचा फवारा मारतात, तो पेट घेतो. तो प्रयोग घरी नको.

ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत आयडल वाढलं आणि त्याच वेळी ब्रेक दगडासारखा कडक झाला, तर बूस्टरच्या जाड नळीवर संशय घ्या. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नका.

एमपीएफआय गाडीत आणखी एक भाग असतो, आयडलची हवा कमी-जास्त करणारा छोटा व्हॉल्व्ह. काजळी बसली की तो उघडाच अडकतो. अनेकदा साफ करून भागतं. इंजिनाची उष्णता सांगणारा सेन्सर बिघडला, तर कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, आणि तो रेस चढवून ठेवतो. आपल्याकडे ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची खोड आहे. मग इंजिन लवकर तापतच नाही, आणि आयडलही चढंच राहतं. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर हे जरूर विचारा. एसी लावल्यावर रेस थोडी वाढते ती मुद्दाम वाढवलेली असते. एसी बंद केल्यावरही ती खाली आली नाही, तर ती वाढवणारं यंत्र अडकलंय.

यातलं काहीच न बघता स्क्रूड्रायव्हर घेऊन आयडलचा स्क्रू पिळणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत. दोन मिनिटांत आवाज उतरतो, आपणही खूश. दुसऱ्या दिवशी थंडीत गाडी बंद पडते, एसी लावला की बंद पडते. चिरलेली नळी तशीच. खरं कारण सापडल्यावर स्क्रू लावणं वेगळं. म्हणून गॅरेजमध्ये जाण्याआधी कागदावर लिहून न्या: गार असताना कशी, गरम झाल्यावर कशी, एसी लावल्यावर कशी, कधीपासून, त्याआधी काय काम केलं होतं. नुसतं ‘आवाज येतो’ म्हटलं, की पुढची पाच मिनिटं समोरचा माणूस आपल्या मिस्टरांना फोन लावायला सांगतो!

चालत्या गाडीतच रेस अडकली, तर क्लच पूर्ण दाबा, ब्रेक लावा, न्यूट्रलला आणून कडेला थांबा, मग किल्ली बंद करा. चालत्या गाडीत किल्ली फिरवली, तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

दुरुस्तीनंतर बदललेला भाग मागून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार असताना एकदा सुरू करून पाहा. सिमवर टिकते का, हे तेव्हाच कळतं. पीयूसी काढायची असेल, तर त्यानंतरच जा; आयडल बिघडलेलं असताना धुराचा आकडाही बिघडू शकतो.