परसबागेतील तण आणि त्याची ओळख

मृगाच्या सरी पडून आठ-दहा दिवस झाले की परसातील उघड्या जमिनीवर न पेरलेले हिरवे रान उगवू लागते. भेंडी, पडवळ, दोडका यांचे बी आपण टोकलेले असते. पण त्याच्या आधीच ही बिनबोलावलेली मंडळी वाफ्यात येऊन बसतात. ‘तण खाई धन’ ही म्हण शेतकऱ्याच्या अनुभवातून आलेली आहे व ती खोटी नाही. तथापि दिसेल ते रोप उपटून जमीन अंगणाप्रमाणे लख्ख करणे म्हणजेच बागकाम, असा जो समज मुलांच्या मनात रुजतो, तो तपासून पाहिला पाहिजे. शाळेची परसबाग हे त्याचे उत्तम साधन होय.

तण म्हणजे काय?

तण ही वनस्पतीची एखादी जात नव्हे. जी वनस्पती नको त्या जागी व नको त्या वेळी उगवते, तिला आपण तण म्हणतो. हरळीचेच उदाहरण घ्यावे. भाजीच्या वाफ्यात ती शिरली म्हणजे कांड्याकांड्याला मुळे धरते व खुरपणाऱ्याच्या नाकी नऊ आणते. तीच हरळी बांधावर असली तर मुसळधार पावसात माती धरून ठेवते आणि गणेशपूजेच्या वेळी दुर्वा म्हणून मानाने खुडली जाते. वनस्पती एकच, जागेप्रमाणे तिच्याविषयीचा निवाडा मात्र बदलतो.

बौद्ध वाङ्मयात जीवक वैद्याची कथा आहे. तक्षशिलेस विद्याभ्यास पुरा होत आला तेव्हा गुरूंनी त्याला सांगितले की, नगराभोवती एक योजन फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आण. जीवक हिंडला आणि रिकाम्या हाताने परतला. तोच त्याच्या परीक्षेतील यशाचा पुरावा ठरला. जीवक प्रत्येक रोप ओळखत होता म्हणूनच त्याला ते निरुपयोगी वाटले नाही, हे या कथेतील मर्म शिक्षकांनी लक्षात घ्यावे.

महापे गावावरून घ्यावयाचा बोध

ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्या दरम्यान वसलेले महापे हे पूर्वी भातशेतीचे गाव. ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि १९९२ पासून हा परिसर नवी मुंबई महानगरपालिकेच्या कारभाराखाली आला. शेते गेली की बांध जातात, आणि बांध गेले की त्यांवर उगवणाऱ्या टाकळा, कुर्डू, घोळ, माठ, आघाडा या वनस्पतींना गावठाणातील परस आणि कुंपणाची कड एवढाच आसरा उरतो. आपल्या जिल्ह्यातील अनेक गावे आज याच वाटेवर आहेत. ही रोपे तशी चिवट असतात. ती उगवत राहतील. नाहीशी होते ती त्यांची नावे. आजीला ठाऊक असलेले नाव नातीला ठाऊक नसले, म्हणजे डोळ्यांपुढची भाजी ‘गवत’ होऊन जाते.

तीन वर्ग

परसात आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींचे व्यवहाराच्या दृष्टीने तीन वर्ग करता येतील.

पहिला वर्ग राखण्याजोग्या वनस्पतींचा. यात टाकळ्याला अग्रस्थान द्यावे. त्याच्या पानास पर्णिकांच्या तीन जोड्या असतात व सायंकाळी त्या मिटतात. कोवळ्या पानांची भाजी आपल्याकडे आवडीने खातात. पिवळ्या रंगाची लहान फुलपाखरे त्यावर अंडी घालतात. कुंपणाजवळची रुई ही अशीच एका केशरी फुलपाखराच्या अळीचे अन्न होय. मात्र तिचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने मुलांना तो हाताळू देऊ नये.

दुसरा वर्ग आवरण्याजोग्या वनस्पतींचा. हरळी व लव्हाळा हे यातील मुख्य. लव्हाळ्याच्या मुळाशी साखळीप्रमाणे गाठी असतात. वरचे पाते उपटले तर गाठी जमिनीत राहून पुन्हा फुटतात. म्हणून त्या खुरप्याने खणून काढाव्या व उन्हात वाळवाव्या. त्याला सावली मानवत नाही. सबब दाट पानांचे पीक घेतल्यास त्याचा जोर ओसरतो.

तिसरा वर्ग काढून टाकावयाच्या वनस्पतींचा. यात गाजर गवत सर्वांत घातक. मूळ अमेरिका खंडातील हे तण आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पुणे येथे प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी व फुले बारीक, पांढरी असतात. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेस खाज व पुरळ येते, तर परागांमुळे काहींना दम्याचा त्रास होतो. म्हणून श्रमदानाच्या नावाखाली हे काम मुलांना मुळीच देऊ नये. प्रौढांनी हातमोजे घालून, जमीन ओली असताना व फुले येण्यापूर्वी ते मुळासकट उपटावे. शाळेच्या आवारात धोतराही ठेवू नये. त्याचे सर्व भाग, विशेषतः बिया, विषारी असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गाजर गवत मोकळी जमीन फार लवकर बळकावते. परंतु जेथे टाकळा दाट वाढतो तेथे ते मागे हटते, असा अनुभव आहे. म्हणजे टाकळा उपटून जमीन उघडी करणारा मनुष्य नकळत गाजर गवतासाठीच जागा करून देत असतो.

खुरपणी केव्हा व किती?

पिकाच्या आयुष्याच्या पहिल्या तिसऱ्या भागात तणाचा उपद्रव सर्वाधिक असतो. त्या काळात वाफा स्वच्छ ठेवावा. नंतर पीक स्वतःच जमीन झाकते. बी न धरलेले तण फेकून न देता रोपांच्या बुडाशी पसरावे. ते कुजून खत होते व माती झाकलेली राहते. कोल्हापूरकडील प्रयोगशील शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी तण जागीच कुजवून जमिनीचा कस वाढविण्याचा पुरस्कार केला असून, ‘तण देई धन’ असे त्या म्हणीचे नवे रूपही आता ऐकू येते.

शिक्षकांसाठी सूचना

१. खुरपणीपूर्वी एक हात लांब व एक हात रुंद चौकोन आखून त्यातील रोपांच्या जाती मुलांकडून मोजवून घ्याव्या.

२. प्रत्येक रोपाचे नाव घरच्या वडीलधाऱ्या मंडळींस विचारून वहीत लिहावे. गावोगाव नावे बदलतात. ती सर्व नोंदवावी.

३. जाणत्या व्यक्तीने खात्री दिल्याखेरीज कोणतीही रानभाजी खाऊ नये. शेवळासारखी भाजी ओळखीची असली तरी काकडाच्या आंबट फळाविना शिजविल्यास घसा खवखवतो. कारखान्याच्या नाल्याकाठची वा हमरस्त्याकडेची भाजी तर कटाक्षाने टाळावी.

४. परसबागेचा एक कोपरा रानरोपांसाठी राखून ठेवावा व त्यावर नावांच्या पाट्या लावाव्या.

आधी ओळख, मग निवाडा आणि शेवटी खुरपे, हा क्रम मुलांच्या अंगवळणी पडला तर परसबागेचा हेतू सफल झाला असे समजावे.