स्वस्त पैशाचे दिवस संपतात तेव्हा ठेवीदाराने काय करावे?

म्हैसूर शहराच्या मध्यवर्ती भागातील देवराज मोहल्ला हा देवराज मार्केटमुळे सर्वपरिचित आहे. निवृत्तिवेतनधारकांचे शहर अशी म्हैसूरची जुनी ओळख असून येथील अनेक घरांचा खर्च आजही मुदत ठेवींच्या व्याजावर चालतो. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा नोटा छापण्याचा कारखानाही याच शहरात आहे. त्यामुळे मध्यवर्ती बँक अर्थव्यवस्थेत पैसा ओतते म्हणजे जास्त नोटा छापते, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही प्रक्रिया वेगळी असते.

पैसा ओतला कसा जातो?

रिझर्व्ह बँक बँकांकडून सरकारी रोखे विकत घेते आणि त्यांची किंमत बँकांच्या खात्यात जमा करते. बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज मिळते तो रेपो दर ती कमी करते. बँकांनी आपल्याकडे ठेवायच्या रोख राखीव निधीचे प्रमाणही घटवते. या तिन्ही उपायांमुळे बँकांकडील पैसा वाढतो आणि व्याजदर उतरतात.

कोरोना साथीच्या काळात हे तिन्ही उपाय योजण्यात आले. मार्च २०२० मध्ये राखीव निधीचे प्रमाण ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणल्याने बँकांना सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपये मोकळे झाले. २२ मे २०२० रोजी रेपो दर ४ टक्क्यांवर आला. २०२१-२२ च्या पहिल्या सहामाहीत विशेष कार्यक्रमाद्वारे २ लाख २० हजार कोटी रुपयांचे रोखे खरेदी करण्याचे जाहीर झाले.

माघार टप्प्याटप्प्याने

या धोरणातून बाहेर पडण्याची सुरुवात व्याजदरवाढीने झाली नाही. २०२१ च्या मार्च व मे महिन्यांत राखीव निधीचे प्रमाण दोन टप्प्यांत पूर्ववत करण्यात आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये रोखेखरेदीचा विशेष कार्यक्रम थांबला. त्यानंतर ४ मे २०२२ रोजी नियोजित बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४.४० टक्के करण्यात आला. त्या दिवशी सेन्सेक्स १,३०० हून अधिक अंकांनी कोसळला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत सहा वाढी होऊन हा दर ६.५० टक्क्यांवर पोहोचला.

रोख्यांची किंमत का घसरते?

समजा, एखाद्याने १,००० रुपयांचा, ६ टक्के व्याजाचा, दहा वर्षांचा रोखा घेतला. त्यानंतर बाजारातील दर साडेसात टक्के झाला, तर जुना रोखा पूर्ण किमतीला कोणी घेणार नाही. त्याची किंमत सुमारे ८९७ रुपयांवर येते. हाच रोखा दोन वर्षांचा असता, तर किंमत सुमारे ९७३ रुपये राहिली असती. मुदत जितकी लांब, तितकी घसरण मोठी.

रोखा मुदत संपेपर्यंत ठेवल्यास मुद्दल पूर्ण मिळते. मात्र मध्येच विकण्याची वेळ आल्यास तोटा सोसावा लागतो. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडण्यामागे हे एक प्रमुख कारण होते. दीर्घ मुदतीचे रोखे बाळगणाऱ्या म्युच्युअल फंडांनाही हाच नियम लागू होतो.

ठेवीदाराचे नुकसान दिसत नाही

मुदत ठेवीचे मुद्दल घटत नाही, म्हणून ती पूर्ण सुरक्षित वाटते. परंतु २०२१ मध्ये स्टेट बँकेचा पाच वर्षांच्या ठेवीचा दर ५.४० टक्के होता, तर २०२२-२३ मध्ये सरासरी किरकोळ महागाई ६.७ टक्के होती. एक लाखाच्या ठेवीवर वर्षाला ५,४०० रुपये मिळत असताना लाखभराचा खर्च मात्र ६,७०० रुपयांनी वाढत होता. २०२३ मध्ये त्याच बँकेने ४०० दिवसांच्या विशेष ठेवीवर ७.१० टक्के व्याज दिले. ज्यांची सारी पुंजी पाच वर्षांसाठी अडकली होती त्यांना ठेव मोडण्याचा दंड भरल्याशिवाय त्याचा लाभ घेता आला नाही.

व्यवहार्य मार्ग कोणता?

दर कधी वळतील याचा अंदाज तज्ज्ञांचाही चुकतो. म्हणून सर्व रक्कम एकाच मुदतीत न गुंतवता एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या ठेवींत विभागणे हिताचे ठरते. दरवर्षी एक ठेव परिपक्व होते आणि ती त्या वेळच्या दराने पुन्हा गुंतवता येते.

दुसरा मार्ग बदलत्या दराच्या साधनांचा. जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या बचत रोख्यांचा दर तेव्हा ७.१५ टक्के होता; जुलै २०२३ मध्ये तो ८.०५ टक्के झाला. अर्थात दर उतरल्यास येथील व्याजही उतरते.

कर्जदारासाठी कर्जफेड हीच गुंतवणूक ठरू शकते. वीस वर्षांच्या ३० लाखांच्या गृहकर्जाचा दर ७ टक्क्यांवरून साडेनऊ टक्के झाल्यास मासिक हप्ता सुमारे २३,२६० वरून २७,९६० रुपयांवर जातो. ठेवीवर सात टक्के मिळत असताना साडेनऊ टक्क्यांचे कर्ज बाळगणे तोट्याचे आहे. अडीअडचणीसाठी काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून उरलेल्या रकमेतून कर्ज कमी करावे.

जास्त व्याजाच्या मोहात सुरक्षितता विसरू नये. फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेतील ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थांना मात्र नाही.

चक्र पुन्हा फिरले

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुन्हा दरकपात केली. फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. चढ्या दराच्या काळात काही रक्कम दीर्घ मुदतीसाठी ठेवणाऱ्यांना जुने व्याज मिळत राहिले, तर सर्व रक्कम अल्प मुदतीत ठेवणाऱ्यांना कमी दराने नूतनीकरण करावे लागले. देवराज मोहल्ल्यातील निवृत्तांसाठी असो वा पुण्यातील, २०२२ आणि २०२५ या दोन्ही वळणांचा धडा एकच आहे : घरखर्च ज्या व्याजावर चालतो, ते सारे व्याज एकाच तारखेच्या दरावर अवलंबून ठेवू नये.