गेरू, चरबी आणि दहा हजार वर्षांची भिंत

गेरू म्हणजे काय, हे आमच्या भगिनींना सांगण्याची गरज नाही. गावाकडच्या मातीच्या घराला वर पांढरी माती आणि खाली गेरूचा पट्टा ओढलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो रंग विसरता येत नाही. शहरात आता गेरू कुंड्या रंगवण्यापुरता उरला आहे. पण माणसाने काढलेल्या अतिप्राचीन चित्रांचा मुख्य रंग हाच आहे.

अशी चित्रे आपल्या देशात सर्वात मोठ्या संख्येने जिथे सापडतात, त्या ठिकाणांपैकी एक म्हणजे भीमबेटका. भोपाळच्या दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, विंध्याच्या वालुकाश्माच्या टेकड्यांत सातशेहून अधिक नैसर्गिक निवारे आहेत. त्यांतील चारशेहून अधिक निवाऱ्यांत चित्रे आहेत. १८८८ साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आदिवासींकडून मिळालेल्या माहितीवरून या जागेची नोंद केली, ती बौद्ध स्थळ म्हणून! चित्रांकडे विद्वानांचे लक्ष गेले ते १९५७ साली, वि. श्री. वाकणकर यांच्यामुळे. रेल्वेच्या प्रवासात त्यांना हे खडक दिसले आणि ते तिकडे चालत गेले. 'शोध लागला' असे आपण म्हणतो खरे, पण आसपासच्या आदिवासींना ही जागा आधीपासून ठाऊक होती, हेही लक्षात ठेवावे.

या कामात आमच्या पुण्याचा वाटा मोठा आहे. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजवरून आपल्यापैकी कित्येकजण रोज कामावर जाता-येता जातात. त्याच कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी १९७३ पासून भीमबेटक्याच्या एका निवाऱ्यात काही वर्षे उत्खनन केले आणि तिथे माणूस किती दीर्घ काळ राहत होता, हे थर मोजून दाखवले. यशोधर मठपाल हे मुळात चित्रकार. त्यांनी डेक्कन कॉलेजात राहून भीमबेटक्याच्या चित्रांवरच पीएच.डी. केली आणि एकेक आकृती जलरंगात उतरवून घेतली. त्यांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला.

आता रंगांविषयी. भीमबेटक्यात सर्वाधिक दिसतात तांबडा आणि पांढरा. तांबडा गेरूचा, म्हणजे लोहयुक्त दगडाचा. पांढरा बहुधा चुनखडीचा. क्वचित हिरवा दिसतो, तो एका हिरवट दगडापासून केलेला. दगड कुटायचा, वाटून भुकटी करायची आणि पाण्यात कालवायची. रंग भिंतीला धरून राहावा म्हणून जनावराची चरबी, झाडाचा डिंक किंवा राळ मिसळत असावेत. कुंचले झाडाच्या तंतूंचे. दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेत तर सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचे रंगाचे सामानच सापडले. समुद्री शिंपल्यात गेरूची पूड, कोळसा आणि हाडांतील चरबी असे मिश्रण होते. हे २०११ साली जाहीर झाले. म्हणजे आपल्या घरातल्या पाट्या-वरवंट्याचे काम किती जुने, पहा!

एवढ्या काळात हा रंग उडाला कसा नाही? गेरू म्हणजे लोखंडाचा गंजच. जे आधीच गंजलेले आहे, ते उन्हाने आणखी काय बिघडणार? फुलापानांचा रंग विटतो, गेरू विटत नाही. शिवाय खडकाच्या पृष्ठभागाशी त्याची रासायनिक क्रिया होऊन तो दगडात मुरला असावा, असे मानतात.

याच गुणामुळे एक अडचणही होते. कोळशाने काढलेल्या चित्राचे वय त्यातील कार्बनवरून काढता येते. गेरूत कार्बन नाही, त्यामुळे तांबड्या चित्राचे वय सरळ काढता येत नाही. भीमबेटक्याची बरीचशी चित्रे दहा हजार वर्षांच्या आसपासच्या मध्याश्मयुगातील मानली जातात, पण घोड्यावर बसून तलवारी घेतलेली माणसे त्याच खडकांवर आहेत आणि ती उघडच फार नंतरची. काही ठिकाणी तर एकावर एक वीस थर आहेत.

जुन्या चित्रावरच नवे का काढले? शेजारी कोरी भिंत असताना? इथे हेतूचा प्रश्न येतो. शिकार साधावी म्हणून केलेला हा मंत्रतंत्र होता, असे एक मत पूर्वी फार चालले. पोरांना जनावरांची ओळख करून देण्यासाठी, टोळीची खूण म्हणून, अंगात येणाऱ्या भगताने पाहिलेली दृश्ये म्हणून, अशीही मते आहेत. आम्हाला एकच कारण पटत नाही. काही उत्तम चित्रे छताजवळ इतक्या उंचावर आहेत की नुसत्या करमणुकीसाठी कोणी एवढा त्रास घेणार नाही. ती जागाच मानाची असावी. डहाणू-जव्हारकडे वारली बायका लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्याशिवाय लग्न लागत नाही. ते नुसते शोभेचे चित्र नव्हे. हजारो वर्षांपूर्वीचा हेतू नेमका हाच होता असे यावरून सिद्ध होत नाही, पण चित्र हे कामाची वस्तू असू शकते, एवढे तरी कळते.

विद्वानांनी या माणसांना किती कमी लेखले, याचीही हकिगत आहे. १८७९ साली स्पेनमधील अल्तामिरा गुहेत सौतुओला नावाच्या गृहस्थाच्या आठ वर्षांच्या मुलीने, मारियाने, छताकडे पाहून रानबैल दाखवले. बाप खाली जमीन उकरत होता! पण 'रानटी' माणूस इतके सुंदर काढूच शकत नाही, असे म्हणून पंडितांनी त्याच्यावर बनावटीचा आरोप केला. तो १८८८ साली वारला. कार्तायाक या फ्रेंच विद्वानाने १९०२ साली जाहीर चूक कबूल केली, तेव्हा ती ऐकायला सौतुओला नव्हता. २०२४ साली तर इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरचे चित्र किमान ५१,२०० वर्षांचे असल्याचे जाहीर झाले, म्हणजे ही कला एकट्या युरोपची होती असेही आता म्हणता येत नाही.

सांचीला जाणारी आपली कुटुंबे बहुधा भोपाळलाच उतरतात. भीमबेटका उलट दिशेला आहे, तेव्हा एक दिवस जास्त ठेवावा. २००३ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. मुलांना आधी सांगून ठेवा की, चित्राला हात लावायचा नाही, आणि फोटोत रंग उठून दिसावा म्हणून त्यावर पाणीही मारायचे नाही. नाव कोरण्याची हौस असलेल्या पाहुण्याला सोबत नेऊच नका.