तारण : गहाण की देणगी?

एका पतसंस्थेत मी वीस वर्षे कर्जाच्या फायली तपासल्या. 'तारण' म्हणजे गहाण ठेवलेले सोने किंवा घर, एवढाच अर्थ मला ठाऊक होता. पुढे रद्दीच्या दुकानात मराठी 'नवा करार' हाती लागला आणि हाच शब्द वेगळ्या अर्थाने भेटला. मराठी ख्रिस्ती परिभाषेत तारण म्हणजे पाप आणि मृत्यू यांपासून सुटका; आणि ते विश्वासाने मिळते. माझ्या हिशेबी डोक्याने लगेच अर्थ लावला : माणसाने विश्वास गहाण ठेवायचा आणि बदल्यात सुटका घ्यायची. मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. त्यामुळे हा अर्थ चुकीचा आहे हे कळायला मला बरीच वर्षे वाचत राहावे लागले.

ही चूक उमगली ती मार्टिन ल्यूथरमुळे. 1505 साली वादळात वीज जवळ कोसळली, तेव्हा घाबरून त्याने संन्यासाचा नवस बोलला आणि तो एर्फुर्टच्या मठात दाखल झाला. उपास, जागरणे, पुन्हापुन्हा पापांची कबुली, सारे त्याने केले. तरी 'पुरेसे झाले का?' हा प्रश्न सुटेना. विटेनबर्गला बायबल शिकवताना संत पौलाच्या रोमकरांस पत्रातले 'देवाचे नीतिमत्त्व' हे शब्द त्याला छळत. ज्या मापाने देव माणसाला मोजून दोषी ठरवतो ते माप, असा अर्थ तो घेत होता. पुढे त्याला वाटले की हे माप नव्हेच. देव ख्रिस्तामुळे माणसाला जे बहाल करतो, ते हे नीतिमत्त्व. 'नीतिमान ठरवणे' हा न्यायालयातला शब्द आहे. आरोपी निर्दोष नसताना न्यायाधीश त्याला आपला म्हणून स्वीकारतो. 1517 मध्ये पैसे घेऊन पापदंडात सूट देणाऱ्या क्षमापत्रांवर त्याने 95 मुद्दे मांडले, त्याच्या मुळाशी हीच अस्वस्थता होती.

मग विश्वासाचे काम काय? मूळ ग्रीक शब्द आहे 'पिस्तिस'. त्यात एखादी गोष्ट खरी मानणे येते, तसेच भरवसा टाकणे आणि निष्ठाही येते. ल्यूथरचा भर भरवशावर होता. देव आहे हे मान्य करणे म्हणजे तारक विश्वास नव्हे. विश्वास ही किंमतही नव्हे. ती असती तर तेही एक पुण्यकर्मच झाले असते आणि 'माझा विश्वास पुरेसा आहे का?' ही नवी धास्ती सुरू झाली असती. सुटका करते ती देवाची कृपा. विश्वास म्हणजे ती घेण्यासाठी पुढे केलेला रिकामा हात.

यावर आक्षेप उघड आहे : मग चांगले वागायचे कशाला? हा आक्षेप बायबलमध्येच आहे. याकोबाचे पत्र म्हणते की केवळ विश्वासाने माणूस नीतिमान ठरत नाही, कर्मेही लागतात. ल्यूथरने मात्र 1522 च्या जर्मन भाषांतरात पौलाच्या वाक्यात 'केवळ' हा मुळात नसलेला शब्द घातला आणि पुढे त्याचे समर्थनही केले. त्याचे म्हणणे असे की आगीपासून उष्णता वेगळी काढता येत नाही, तशी खऱ्या विश्वासापासून सत्कर्मे वेगळी निघत नाहीत. फक्त ती कारण नसून परिणाम आहेत. कॅथलिक चर्चने 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत 'केवळ विश्वास' नाकारला, पण आरंभ कृपेनेच होतो हेही ठामपणे सांगितले. माणूस त्या कृपेला साथ देतो आणि आतून बदलत जातो, यावर त्यांचा भर होता. अखेर 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे दोन्ही बाजूंनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत. पण माणूस आपल्या पुण्याईने नव्हे तर कृपेने स्वीकारला जातो, याविषयी एकमत झाले.

हा प्रश्न फक्त युरोपचा राहिला नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र आपल्याला गवसला नव्हता, असे त्यांनी पुढे आत्मनिवेदनात लिहिले. मत पटणे आणि भरवसा टाकणे यांतले अंतर त्यांनी असे स्वतः अनुभवले. दुष्काळात सापडलेल्या मुलींना आणि विधवांना आसरा देणारे केडगावचे मुक्ती मिशन त्यानंतरचे. विश्वास माणसाला निष्क्रिय करतो म्हणणाऱ्याने केडगाव आठवावे.

माझे वडील रोजच्या जपाचा आकडा वहीत लिहीत. शेवटच्या आजारात त्यांनी मला विचारले, "पुरेसं झालं असेल का रे?" मी "हो" म्हणालो, पण तो आवाज वसुली अधिकाऱ्याचाच होता, जणू खाते तपासून सांगत होतो. आपल्या संतांनीही कृपेविषयी उदंड सांगितले आहे, ते तेव्हा मला सुचले नाही. ख्रिस्ती मताचा हा अभ्यास करताना एवढे समजले की वडिलांना आकडा नको होता. हिशेब अपुरा असला तरी आपल्याला जवळ घेतले जाईल, एवढेच त्यांना कुणाकडून तरी ऐकायचे होते.