पुरुषांचे केस गळणे : काही गैरसमज आणि थोडा हिशेब

प्रस्तावना

मैसूरच्या मंडी मोहल्ल्यात मी केस कापायला जातो. तिथे खुर्चीत बसले की फुकट सल्ले मिळतात : हेल्मेट घालू नका, बोअरचे पाणी डोक्यावर घेऊ नका, एकदा चकोट करा म्हणजे दाट येतील. हेच सल्ले आमच्या वसतिगृहातही फिरतात. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी वर्गात टोपी काढेना. पाण्यामुळे केस गळतात म्हणून वसतिगृह सोडून बाहेर महागडी खोली घेण्याचे त्याने जवळजवळ ठरवले होते. मी इंजिनिअरिंगचा शिक्षक आहे, त्वचारोगतज्ज्ञ नाही. पण कारण आणि परिणाम यांची जोडी चुकीची लावली जाते तेव्हा ती तपासणे हा आपल्याही अभ्यासाचा भाग आहे. तेच येथे करू.

१. रोज किती केस गळणे स्वाभाविक?

डोक्यावर साधारण १,००,००० केस असतात. प्रत्येक केस ज्या मुळातून उगवतो त्याला रोमकूप म्हणतात. केसाच्या तीन अवस्था असतात : वाढ (२ ते ६ वर्षे), संक्रमण (२-३ आठवडे) आणि विश्रांती (सुमारे ३ महिने). विश्रांती संपली की केस गळतो आणि त्याच रोमकूपातून नवा उगवतो.

टाकीतील पाण्याची पातळी स्थिर असेल तर जेवढे आत येते तेवढेच बाहेर जाते. तोच नियम येथे लावा. केसाचे सरासरी आयुष्य ३ वर्षे, म्हणजे सुमारे १,१०० दिवस धरले तर :

रोज गळणारे केस = १,००,००० ÷ १,१०० = सुमारे ९०

म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे हे निरोगी डोक्याचे लक्षण आहे. दोन दिवसांनी न्हाल्यास त्या दिवशी दुप्पट दिसतील, कारण आधीचे सुटलेले केस अडकून राहिलेले असतात.

२. गैरसमज : "इथल्या पाण्याने केस गळू लागले"

टायफॉइड, डेंग्यू, मोठे आजारपण, एकदम घटवलेले वजन किंवा तीव्र ताण यामुळे बरेच केस एकाच वेळी विश्रांतीत जातात. पण विश्रांती तीन महिन्यांची असल्यामुळे ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी गळतात. कारण एका ठिकाणी आणि परिणाम दुसऱ्याच ठिकाणी दिसतो.

वरील विद्यार्थ्याला जूनमध्ये गावी टायफॉइड झाला होता. सप्टेंबरमध्ये मैसूरला केस गळू लागले आणि दोष पाण्यावर आला. ऑक्टोबरमध्ये त्याने तेल लावायला सुरुवात केली, जानेवारीत गळती थांबली आणि श्रेय तेलाला गेले. असे गळणे बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. तेल न लावताही ते थांबले असते का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

जड पाण्याने केस राठ होतात, तुटूही शकतात. पण तुटणे वेगळे आणि गळणे वेगळे. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते, तुटलेल्याला नसते.

३. बुलढाण्याचे उदाहरण

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांतील लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. तिथेही पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त असल्याचे दाखवले. नंतर काहींची नखेही गळू लागली.

येथे वेग हाच पुरावा होता. काही दिवसांत मूठ-मूठ केस जातात तेव्हा वाढीच्या अवस्थेतील केसांवरच घाला पडलेला असतो आणि विषबाधेसारख्या कारणाचा शोध घ्यावा लागतो. म्हणून केस किती गळले यापेक्षा कधी, किती वेगाने आणि डोक्याच्या कोणत्या भागातून गळले हे आधी विचारावे.

४. पुरुषी टक्कल वेगळे कसे?

येथे केस मुठीने गळत नाहीत. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन (डीएचटी) तयार होते. आनुवंशिकतेने संवेदनशील असलेल्या रोमकूपांवर त्याचा परिणाम होऊन वाढीची अवस्था दर फेरीला आखूड होते. केस बारीक आणि लहान होत जातात. सुरुवात कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत किंवा टाळूवर होते. मागचे केस टिकतात. अमेरिकन संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले की वयात येण्यापूर्वी वृषण गमावलेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही.

त्या विद्यार्थ्याचा खोलीमित्र तेच तेल दीड वर्ष लावत होता. त्याचे केस गळताना दिसत नव्हते, पण कपाळ मागे सरकत होते. मित्राला गुण आला म्हणून तो थांबून राहिला. रोमकूप फार बारीक झाले की उपचारांनाही कमी यश येते. त्याचे नुकसान पैशांपेक्षा वेळेचे झाले.

५. आणखी काही गैरसमज

• टक्कल फक्त आईकडून येते : एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणजे आईकडून येते, हे खरे. पण इतर अनेक जनुके दोन्हीकडून येतात.
• हेल्मेटने टक्कल पडते : रोमकूपाला रक्तातून प्राणवायू मिळतो. हेल्मेट घालाच.
• चकोट केल्याने केस दाट येतात : कापलेले टोक बोथट असते, म्हणून जाड भासते. वस्तरा रोमकूपापर्यंत पोचत नाही.

६. तेलाचे काय?

मैसूर जिल्ह्यातील हुणसूर तालुक्यात पक्षिराजपुरा येथील हक्की-पिक्की समाजाचे 'आदिवासी केशतेल' देशभर विकले जाते. १०८ वनस्पती असल्याची त्याची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. तेल केसाच्या दांड्याला उपयोगी असते : मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की खोबरेल तेलाने केसातील प्रथिनांची झीज कमी होते. मात्र ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हेही ध्यानात ठेवावे. दांडा मृत असतो. त्याची निगा राखल्याने रोमकूपातील डीएचटीचा परिणाम थांबत नाही. भारतातील औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टानुसार टक्कल बरे करण्याचा दावा औषधावर करता येत नाही.

७. काय करावे?

दर तीन महिन्यांनी एकाच जागी, एकाच उजेडात कपाळाचा आणि टाळूचा फोटो काढा. कोपरे मागे सरकत असतील, गोल चट्टे पडत असतील किंवा गळणे सहा महिन्यांहून जास्त चालले असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही अभ्यासलेली औषधे आहेत. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, औषध थांबवल्यास मिळालेला फायदा जातो, आणि फिनास्टेराइडमुळे काहींना लैंगिक तक्रारी होतात. म्हणून ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. आणि काहीच न करता टक्कल स्वीकारणे हाही पूर्ण योग्य निर्णय आहे. त्याने तब्येतीला काही होत नाही.

स्वाध्याय

१. केसाचे सरासरी आयुष्य ३ वर्षांवरून २ वर्षे झाले आणि केसांची संख्या तेवढीच राहिली, तर रोज किती केस गळतील?
२. एखादे तेल गळती थांबवते हे तपासायचे असेल तर कोणते दोन गट आणि किती महिने लागतील? कारण द्या.