गंजलेले चाक आणि मिस्त्रीचा दर

दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा सारे कोल्हापूर तिच्याकडे कौतुकाने पाहते. मात्र प्रत्येक जुन्या गाडीच्या नशिबी राजवाडा नसतो. विलिज जीप, डॉज, प्लायमाउथ अशा गाड्या वर्षानुवर्षे छपरात उभ्या राहतात आणि मग ब्रेकच्या कामासाठी शिवाजी उद्यमनगरात येतात. मालक म्हणतो, "फक्त ब्रेक बघा." आणि इथे चाकच निघत नाही!

अशा वेळी घण उचलणे म्हणजे नुकसानीला आमंत्रण. या गाड्यांपैकी अनेकींच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. नेहमीच्या सवयीने जोर लावला की नट आणखी आवळतो व स्टड तुटतो. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. पुढे मागच्या ड्रमची गोष्ट. तो निमुळत्या अॅक्सलवर चावी घालून बसवलेला असतो. गंजलेले ब्रेक शू आतून ड्रमला धरून ठेवतात, म्हणून आधी अॅडजस्टर सैल करावा. मग डिझेल-रॉकेल सोडून गाडी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी हबच्या स्टडवर बसणारा पुलर लावावा. ड्रमच्या काठाला पाय अडकवणाऱ्या पुलरने बिडाचा ड्रम तडकतो. अॅक्सलचा नट पूर्ण काढू नये, दोन-तीन आटे धरून ठेवावा, नाहीतर ड्रम सुटताच अंगावर येतो. आतली धूळ हवा मारून उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते. रॉकेल लागलेले रबरी वायसर फुगतात, तेही बदलावेच लागतात.

या कामात हत्यारापेक्षा वेळ जास्त जातो आणि आमच्या मते तंट्याचे मूळ तिथेच आहे. ड्रम उघडण्यापूर्वीच मिस्त्री सगळ्या कामाचा एक आकडा सांगतो. आत काय निघेल हे दोघांनाही ठाऊक नसते. ज्या सौद्यात देणेघेणेच अंधारात असते त्याला शरीअतमध्ये 'गरर' म्हणतात व तो मना आहे. त्यापेक्षा चाक काढण्याची मजुरी वेगळी ठरवावी, रात्रभराच्या जागेसह. ड्रम निघाल्यावर मालकाला बोलावून सिलिंडर, शू, अॅक्सल दाखवावे आणि मगच ब्रेकचा दर सांगावा. मालकाला तो पटला नाही, तर पहिली मजुरी घेऊन चाक परत बसवून द्यावे. बदललेले जुने भागही मालकाच्या हवाली करावेत, ते त्याचेच आहेत.